भाव आधी, बटणं मागून

टोमॅटोचा तोडा उरकला, क्रेट भरून बांधावर आले, की पुणे जिल्ह्यातल्या पेठच्या शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: माल न्यायचा कुठे? पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेला निघालं तर अवसरीचा घाट ओलांडून मंचर, त्याच्या पुढे नारायणगावचा टोमॅटो बाजार. दक्षिणेला चाकण, आणि तसंच पुढे गेलं तर पुण्यात गुलटेकडीचं मार्केट यार्ड. विचार करायला फार वेळ नसतो. पिकलेला टोमॅटो थांबत नाही, आणि पिकअपवाला ‘येऊ का?’ म्हणून फोनवर असतो. २०२३ च्या जुलैत नारायणगावात २० किलोच्या क्रेटने दोन हजार रुपयांचा टप्पा ओलांडला होता, आणि त्यानंतर थोड्याच काळात भाव कोसळला. अशा बाजारात कालच्या आकड्यावर गाडी भरता येत नाही.

भाव लोकांपर्यंत पोचावेत म्हणून यंत्रणा उभ्या राहिल्या आहेत. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ १९८४ पासून आहे, केंद्र सरकारचं ॲगमार्कनेट २००० साली आलं, ई-नाम १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालं. माहिती गोळा होते, साठवली जाते. पण साठवलेली माहिती आणि शेतकऱ्याच्या फोनवर दिसणारा आकडा यांच्यामध्ये एक टप्पा राहतो. वेबचं पान मांडायचं कोणी? दूरवरच्या सर्व्हरने, की हातातल्या फोनने? या कामाला रेंडरिंग म्हणतात. ते दोघांत वाटून द्यायचं तर कसं, हे या लेखात एका नमुन्याच्या पानावरून सावकाश पाहू.

पानावर काय काय आहे

समजा, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांसाठी बाजारभावाचं एक पान बनवायचं आहे. वर आजची तारीख. खाली तक्ता: बाजार समिती, शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. शेतमाल निवडायची यादी. क्विंटलचा दर क्रेटमध्ये दाखवणारं बटण. महिनाभराच्या चढउताराचा आलेख. शेवटी एक छोटा हिशेब: क्रेट किती, गाडीभाडं किती, हमाली किती, म्हणजे हातात काय पडेल.

दर क्विंटलला १,८०० रुपये असेल, तर एका क्विंटलमध्ये २० किलोचे पाच क्रेट बसतात, म्हणून क्रेटला ३६० रुपये. हे गणित फोन स्वतः करू शकतो. तक्त्यातला १,८०० हा आकडा मात्र फोनपाशी असणं शक्य नाही. तो बाजार समितीच्या नोंदीतून, सर्व्हरमार्फतच यायला हवा. म्हणजे एकाच पानावर दोन स्वभावाच्या गोष्टी आहेत. काही वाचायच्या, काही हाताळायच्या. पुढचं सगळं विवेचन या एका फरकावर उभं आहे.

दोन टोकं

पहिली रीत जुनी आणि सरळ. फोनने पान मागितलं की सर्व्हर डेटाबेसमधून भाव काढतो, तक्ता भरतो, पूर्ण एचटीएमएल लिहितो आणि पाठवतो. ब्राउझर आलेला मजकूर जसा येईल तसा दाखवत जातो. भाव त्या मजकुरातच असतो. याला सर्व्हरकडचं रेंडरिंग म्हणतात. अडचण नंतर येते. टोमॅटोऐवजी कांदा निवडला की सर्व्हर पुन्हा आख्खं पान लिहून पाठवतो. वरची पट्टी, तळटीप, मेनू, सगळं पुन्हा. पडदा क्षणभर कोरा होतो, आणि हिशेबात टाकलेले आकडे पुसले जाण्याची शक्यता असते.

दुसरी रीत उलट. सर्व्हर जवळजवळ रिकामं पान पाठवतो. त्यात एक मोकळी चौकट आणि जावास्क्रिप्टच्या फाइलचा पत्ता, एवढंच. फोन ती फाइल उतरवतो, वाचतो, चालवतो. मग ती फाइल सर्व्हरकडे भाव मागते. भाव आले की ती फोनवरच तक्ता रचते. हे ब्राउझरकडचं रेंडरिंग. एकदा सगळं सुरू झालं की ते छान चालतं. कांदा निवडला तर फक्त कांद्याचे आकडे येतात, पान जागचं हलत नाही. पण सुरू होईपर्यंत समोर कोरा पडदा किंवा गोल फिरणारं चिन्ह.

वेळेचा हिशेब

हा फरक आकड्यांत पाहू. रेंज कमजोर आहे आणि फोनपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला ०.३ सेकंद लागतात असं धरू. वेग १ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १२५ किलोबाइट. हिशेब सोपा राहावा म्हणून बाकी बारकावे सोडून देऊ.

पान मागण्याआधीच काही फेऱ्या होतात. नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधायची एक, जोडणीची एक, सुरक्षित संवाद ठरवायची एक, आणि प्रत्यक्ष मागणीची एक. चार फेऱ्या, १.२ सेकंद. इथपर्यंत दोन्ही रीती सारख्या.

सर्व्हरने पूर्ण पान लिहिलं असेल, तर माहिती गोळा करायला ०.२ सेकंद आणि दाबून लहान केलेलं १४ किलोबाइटचं पान उतरायला साधारण ०.१ सेकंद. दीड सेकंदात भाव डोळ्यांपुढे. १४ हा आकडाही उगाच घेतलेला नाही. नव्या जोडणीवर सर्व्हर पहिल्या दमात साधारण दहा पाकिटं, म्हणजे सुमारे १४ किलोबाइट पाठवतो. ही मर्यादा २०१३ मध्ये सुचवली गेली आणि आता रुळली आहे. महत्त्वाचा मजकूर तेवढ्यात बसला तर दुसऱ्या खेपेची वाट पाहावी लागत नाही.

आता रिकाम्या पानाची रीत. १.२ सेकंदांनी रिकामी चौकट आली. मग जावास्क्रिप्टची मागणी ०.३. फाइल ३०० किलोबाइटची असेल तर उतरायला २.४ सेकंद. मग भावाची मागणी ०.३ आणि सर्व्हरचे तेच ०.२. झाले ४.४ सेकंद. यात फोनने ती फाइल वाचून चालवण्याचा वेळ धरलेलाच नाही, आणि स्वस्त फोनवर तो वेळ बराच असतो. गुगलच्या कसोटीनुसार पानाचा मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला तर ते पान चांगलं. एक रीत या रेषेच्या अलीकडे थांबते, दुसरी बरीच पलीकडे जाते.

पहिलं पान उघडताना सर्व्हर जिंकतो, नंतरच्या प्रत्येक बोटाच्या स्पर्शाला ब्राउझर जिंकतो. म्हणूनच दोघांना एकत्र आणायची गरज पडते.

हे दोन मार्ग आले कुठून

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पान म्हणजे वाचायचा दस्तऐवज होता. १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट घडवली आणि पानाला हालचाल आली. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये आणखी एक सोय आली: पान न बदलता, मागच्या मागे सर्व्हरकडून माहिती आणायची. तिची ताकद लोकांना २००४ चं जीमेल आणि २००५ चं गुगल मॅप्स पाहून कळली. नकाशा माउसने सरकवायचा आणि पान तिथंच राहायचं, हे तेव्हा नवल होतं.

मग लंबक दुसऱ्या बाजूला गेला. २०१० च्या सुमारास ट्विटरने आपलं पान रचण्याचं काम ब्राउझरकडे सोपवलं. २०१२ च्या मे महिन्यात त्यांनी ते पुन्हा सर्व्हरकडे आणलं, आणि पहिलं ट्विट दिसायला लागणारा वेळ आधीच्या पाचव्या हिश्श्यावर आल्याचं जाहीर केलं. त्यानंतर लोक ‘हे की ते’ असं विचारण्याऐवजी ‘हे किती आणि ते किती’ असं विचारू लागले. २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट सर्वांसाठी खुलं केलं. त्यात पानाचे तुकडे, म्हणजे कंपोनंट, असे लिहिता येत होते की तेच सर्व्हरवरही चालतील आणि ब्राउझरमध्येही. २०१६ मध्ये आलेल्या नेक्स्ट.जेएस आणि नक्स्ट यांसारख्या साधनांनी ही सांगड सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आणली.

एकत्र काम, पायरी पायरीने

आता आपलं बाजारभावाचं पान दोघांनी मिळून कसं तयार होतं ते पाहू.

पहिली पायरी, मागणी. पेठच्या फोनवरून पान मागितलं जातं. हा सर्व्हर कुठे आहे याला महत्त्व आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर मुंबईपासून १२ ते १३ हजार किलोमीटर दूर. जाऊन-येऊन निव्वळ प्रकाशालाच ०.१२ सेकंदांहून जास्त लागणार, आणि वाटेतल्या यंत्रांचा वेळ निराळा. ॲमेझॉनचं मुंबईतलं डेटा केंद्र २०१६ मध्ये आणि गुगलचं २०१७ मध्ये सुरू झालं. आपल्या वाचकांसाठीचं पान मुंबईतून पाठवता येत असेल तर ते लांबून पाठवायचं कारण नाही.

दुसरी पायरी, माहिती गोळा करणं. सर्व्हर डेटाबेसला एकाच वेळी सगळे प्रश्न विचारतो: आजचे दर, आवक, महिनाभराचे आकडे. डेटाबेस शेजारीच असल्याने ही विचारपूस काही मिलिसेकंदांत होते. हेच प्रश्न फोनने एकामागून एक विचारले असते तर प्रत्येकाला ०.३ सेकंद गेले असते.

तिसरी पायरी, मांडणी. पानाचे कंपोनंट सर्व्हरवर चालतात आणि त्यातून एचटीएमएलचा मजकूर निघतो. तक्ता भरलेला, तारीख लिहिलेली, शेतमालाची यादी तयार.

चौथी पायरी, शिदोरी. ज्या माहितीवरून हा तक्ता रचला तीच माहिती जेसन या जावास्क्रिप्टला वाचता येणाऱ्या स्वरूपात पानाच्या पोटात ठेवली जाते. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट जागी झाली की तिला भाव पुन्हा मागावे लागत नाहीत. इथे दोन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्या लागतात. या माहितीत कुठेही स्क्रिप्ट बंद करणारी खूण आली तर पान मोडतं, आणि कोणी ती मुद्दाम घातली तर परका कोड पानात शिरतो. म्हणून कोनी कंसांसारखी चिन्हं सुरक्षित रूपात बदलूनच ठेवायची. दुसरं, डेटाबेसची आख्खी ओळ उचलून शिदोरीत भरायची नाही. तिच्यात शेतकऱ्याचा मोबाइल नंबर असेल, तर तो पानावर दिसत नसला तरी पानाचा मूळ मजकूर उघडणाऱ्या कोणालाही वाचता येतो.

पाचवी पायरी, पाठवणी. पान पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही. वरचा भाग आणि तक्ता तयार झाला की तो लगेच सोडायचा. आलेखाचे आकडे यायला उशीर होत असेल तर त्याची जागा राखून ठेवायची आणि तो भाग त्याच उत्तरात मागून पाठवायचा. २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या रिॲक्ट १८ मध्ये ही सोय पक्की झाली. जागा राखणं विसरायचं नाही. नाहीतर आलेख आल्यावर खालचा मजकूर ढकलला जातो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

सहावी पायरी, जोडणी. ब्राउझरने मजकूर दाखवला, मग जावास्क्रिप्ट आली. ती कंपोनंट पुन्हा एकदा चालवते, पण आता नवं पान रचत नाही. आधीच दिसत असलेल्या प्रत्येक भागाशी आपला हिशेब जुळवते आणि बटणांमागे काम जोडते. याला हायड्रेशन म्हणतात. हायड्रेशनच्या आधीचं पान म्हणजे भिंतीवर बटणं बसवलेली, पण आतली वायर जोडायची राहिलेली.

सातवी पायरी, पुढचा वापर. आता ‘क्रेटमध्ये दाखवा’ दाबलं की फोन आपला आपण पाचाने भागतो. कांदा निवडला की फक्त कांद्याचे आकडे मागवले जातात. हिशेबातले क्रेट आणि भाडं जागेवर राहतं. पान एव्हाना ब्राउझरच्या हातात आलेलं असतं.

जुळणी चुकते ती कुठे

हायड्रेशनची एक अट आहे. सर्व्हरने लिहिलेला मजकूर आणि ब्राउझरने पुन्हा काढलेला मजकूर अक्षराअक्षराने सारखा हवा. तो वेगळा निघाला तर साधन तक्रार करतं, किंवा तो भाग पुसून नव्याने रचतं. मग सर्व्हरने केलेलं काम वाया जातं. मराठी पानावर हा घोळ होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा आकड्यांची. ब्राउझरला ‘मराठी, भारत’ या सवयीने आकडा लिहायला सांगितला तर तो १,८०० असं देवनागरीत लिहितो. पण सर्व्हरवर चालणाऱ्या नोड.जेएसच्या १३ व्या आवृत्तीआधी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत, मूळ पॅकेजमध्ये फक्त इंग्रजीची भाषिक माहिती येत असे. सर्व्हर इंग्रजी अंक लिहायचा, फोन देवनागरी. उपाय सोपा आहे. अंक कोणते हवेत ते भाषेवर न सोडता दोन्हीकडे स्पष्ट सांगायचं.

दुसरी जागा ‘आज’ची. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे तारीख बदललेली असते आणि सर्व्हरकडे कालचीच चालू असते. माल घेऊन बाजाराला निघायची तयारी याच वेळात चालते. पहाटे पाचला पान उघडणाऱ्याला सर्व्हर कालची तारीख लिहून पाठवणार आणि फोन ती पुसून आजची लिहिणार. वाचणाऱ्याचा विश्वास उडायला एवढं पुरे. म्हणून तारीख काढताना भारतीय प्रमाणवेळ नेहमी नाव घेऊन सांगावी, आणि ‘आजचा भाव’ असं न लिहिता भाव कोणत्या तारखेचा, किती वाजता नोंदला ते लिहावं.

तिसरी जागा फोनमध्येच राहणाऱ्या माहितीची. शेतकऱ्याने मागच्या वेळी ‘माझा बाजार: मंचर’ असं निवडून ठेवलं असेल आणि ते फोनच्या साठवणीत असेल, तर सर्व्हरला ते कळायचा मार्ग नाही. अशा वेळी पहिलं पान सर्वांसाठी सारखं काढावं आणि जोडणी पूर्ण झाल्यावर मंचरची ओळ ठळक करावी. किंवा ती निवड कुकीमध्ये ठेवावी, म्हणजे ती मागणीबरोबर सर्व्हरपर्यंत जाते.

बटण दिसतं, पण चालत नाही

सर्व्हरने पान लवकर दाखवलं, पण जावास्क्रिप्ट यायला तीन सेकंद लागले, तर मधल्या वेळात काय? यादी दिसते, दाबली तर हलत नाही. कोऱ्या पडद्यापुढे माणूस निदान थांबतो. न चालणाऱ्या बटणापुढे त्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. ही या पद्धतीची सर्वांत मोठी किंमत आहे आणि ती कमी करण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा. शेतमाल निवडायची यादी साध्या एचटीएमएल फॉर्ममध्ये ठेवायची, आणि बाजाराचं नाव म्हणजे खरा दुवा करायचा. जावास्क्रिप्ट आली नसेल तर फॉर्म सर्व्हरकडे जातो आणि कांद्याचं पान येतं. जावास्क्रिप्ट आलेली असेल तर तेच काम पान न बदलता होतं. दोन्ही वाटा त्याच भावापाशी पोचतात.

दुसरा मार्ग म्हणजे जोडणी सगळ्या पानाची करायचीच नाही. आपल्या तक्त्याला बटण नाही. तो वाचायचा आहे. त्याचा कोड फोनवर पाठवायचं कारण काय? जावास्क्रिप्ट लागते ती क्रेटच्या बटणाला, हिशेबाच्या चौकटीला आणि आलेखाला. एवढीच बेटं हालती ठेवून बाकी पान स्थिर एचटीएमएल राहू द्यायचं. या रचनेला बेटांचंच नाव पडलं आहे. २०२१ मध्ये आलेलं ॲस्ट्रो हे साधन तिच्यावर उभं आहे. रिॲक्टने २०२० च्या डिसेंबरमध्ये मांडलेले सर्व्हर कंपोनंटही याच दिशेने जातात: जे कंपोनंट फक्त सर्व्हरवर चालतात, त्यांचा कोड फोनवर जातच नाही. आपल्या हिशेबातल्या ३०० किलोबाइटपैकी ४० च उरले, तर उतरायला २.४ ऐवजी ०.३ सेकंदांच्या आसपास लागतात.

तिसरा मार्ग क्रमाचा. आलेख पानाच्या खाली असेल तर त्याचा कोड माणूस तिथपर्यंत सरकल्यावरच मागवायचा. क्रेटचं बटण वर आहे, त्याची जोडणी आधी. माणसाने बोट लावल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंत २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त जाऊ नयेत, ही आजची मान्य कसोटी आहे, आणि ती तुमच्या लॅपटॉपवर पार होऊन भागत नाही. ती वापरणाऱ्याच्या फोनवर पार व्हावी लागते.

एकदा मांडलेलं पान हजारांना

सर्व्हरकडे काम दिलं की खर्चाचा प्रश्न येतो. सकाळी हजारो लोक एकदम पान उघडणार. प्रत्येकासाठी डेटाबेस उघडायचा का? नाही. नारायणगावचा टोमॅटोचा भाव सर्वांना सारखाच असतो. म्हणून पान एकदा काढून ठेवायचं आणि सर्वांना तेच द्यायचं. या साठवणीला कॅशे म्हणतात. साठवलेल्या प्रती वाचकांच्या जवळच्या शहरांत ठेवणारी जाळीही असतात.

साठवण किती वेळ ठेवायची हे बाजाराच्या चालीवरून ठरवावं. लिलाव चालू असताना एक मिनिट. लिलाव संपून दर नोंदले गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत पान बदलायचंच नाही. वेबच्या नियमांत २०१० पासून एक उपयोगी तरतूद आहे: साठवलेलं पान जुनं झालं असेल तर ते ताबडतोब देऊन टाकायचं आणि मागच्या मागे नवं काढायला घ्यायचं. वाचणारा थांबत नाही, आणि त्याच्यानंतरच्या माणसाला ताजं पान मिळतं.

एक रेषा मात्र कधी ओलांडायची नाही. ‘तुमची विक्रीपट्टी’, ‘तुमची येणी बाकी’ असं व्यक्तीचं काही असेल तर ते सर्वांच्या साठवणीत जाता कामा नये. एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसला तर तो तांत्रिक दोष उरत नाही, तो विश्वासघात होतो. सर्वांसाठीचा भाग साठवणीतून द्यावा, आणि व्यक्तीचा भाग ओळख पटल्यावर फोनने निराळा मागावा.

घाटात रेंज गेली तर? ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्कर नावाची सोय आहे. २०१८ पासून ती सर्व प्रमुख ब्राउझरांत मिळते. शेवटचं पाहिलेलं पान ती फोनवरच ठेवू शकते आणि नेट नसताना दाखवू शकते. पण भावाच्या बाबतीत एक पथ्य पाळलंच पाहिजे. जुना भाव जुना म्हणूनच दिसला पाहिजे, त्याच्या तारखेसह आणि वेळेसह. चुकीच्या भावावर गाडी चुकीच्या बाजाराला गेली तर त्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच बसतो.

देवनागरीचा हिशेब

मराठी पानाला आणखी एक गोष्ट लागू होते. रूढ यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. ‘मंचर’ या शब्दात म, अनुस्वार, च आणि र अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. दाबून पाठवल्यावर हा फरक बराच घटतो, कारण तेच ते बाइट पुन्हा पुन्हा येतात. तरी सर्व्हरवर ही दाबण्याची सोय चालू आहे ना, हे तपासावं. हल्लीच्या अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरीचा टाइप असतोच. दुसरा उतरवायला लावला तर त्याचे किलोबाइट भावाच्या वाटेत येतात. शोभेसाठी नवा टाइप हवाच असेल तर तो येईपर्यंत फोनच्या टाइपात मजकूर दिसू द्यावा.

भाव एचटीएमएलमध्येच खऱ्या मजकुराच्या रूपात असला की आणखी तीन फायदे होतात. दृष्टिहीन माणसाचा फोन तो मोठ्याने वाचू शकतो. गुगलला तो जावास्क्रिप्ट चालवण्याआधीच सापडतो. आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुवा टाकला की त्याखाली शीर्षक आणि दोन ओळी दिसतात. व्हॉट्सॲप त्यासाठी पानावरची जावास्क्रिप्ट चालवत नाही. सर्व्हरने लिहिलेल्या एचटीएमएलमधूनच ते शीर्षक उचललं जातं. रिकाम्या चौकटीच्या पानाचा दुवा तिथे मुका राहतो.

रेषा कुठे ओढायची

प्रत्येक पानासाठी, खरं तर पानाच्या प्रत्येक भागासाठी, चार प्रश्न विचारावेत.

हा भाग वाचायचा आहे की हाताळायचा? वाचायचा असेल तर तो सर्व्हरने लिहावा आणि त्याचा कोड फोनवर पाठवू नये.

तो सर्वांना सारखा आहे का? असेल तर एकदा काढून साठवावा.

तो क्षणाक्षणाला बदलतो का? लिलावाचा चालू आकडा बदलत असेल, तर पहिला आकडा सर्व्हरने लिहून पाठवावा आणि पुढचे बदल ब्राउझरने मागून घ्यावेत.

जावास्क्रिप्ट आलीच नाही तर माणसाचं काम अडेल का? अडत असेल तर साधा दुवा किंवा साधा फॉर्म आधी, सजावट नंतर.

या प्रश्नांची उत्तरं सर्व पानांना सारखी येणार नाहीत. ग्रामपंचायतीची सूचना हे निव्वळ वाचायचं पान आहे. त्याला जावास्क्रिप्ट लागतच नाही. शेताची हद्द आखायचा नकाशा जवळजवळ सगळाच हाताळायचा. तिथे ब्राउझरकडे काम देणं योग्य. बाजारभावाचं पान या दोहोंच्या मधलं आहे, आणि रोजच्या वापरातली बहुतेक पानं अशीच मधली असतात.

पेठजवळच, अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि अशा प्रत्येक महाविद्यालयातल्या मुलामुलींना एक सांगणं आहे. तुम्ही बनवलेलं पान एकदा जावास्क्रिप्ट बंद करून उघडा. मग ब्राउझरच्या तपासणी साधनात नेटचा वेग मुद्दाम कमी करून उघडा. मग घरातला सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त फोन घ्या, घाटात जा आणि तिथे उघडा. भाव दिसला तर तुमची रेषा बरोबर जागी आहे. दिसला नाही, तर साधन बदलायच्या आधी रेषा बदला. वाचायचं ते सर्व्हरने लिहून पाठवावं, हाताळायचं तेवढंच फोनवर चालवावं, आणि दोघांमधली सीमा ज्याच्या हातात सर्वांत कमजोर फोन आहे त्याच्याकडे पाहून ठरवावी.